शुगर निघाली, आता पुढे काय? नव्या मधुमेहींना पूर्ण इलाज कसा मिळेल

आमच्या घरात शुगरची खरी ओळख झाली ती मामूंच्या पायाच्या अंगठ्यामुळे. निदान त्याच्या सहा वर्षं आधीच झालं होतं. मामू सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला. सारखी तहान लागते, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेले. रक्त तपासलं, शुगर निघाली. चिठ्ठीवर एक गोळी मिळाली, ‘मीठा बंद करो’ एवढं सांगितलं गेलं आणि पाच मिनिटांत मामू बाहेर. चार महिने त्यांनी गोळी घेतली. पुन्हा तपासलं तर आकडा नॉर्मल. ‘नार्मल आ गई ना, अब गोली कायको?’ असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली. मधल्या काळात कुणी त्यांचे पाय पाहिले नाहीत, डोळे पाहिले नाहीत, लघवी तपासली नाही. सहाव्या वर्षी नवी चप्पल चावली, अंगठ्याला फोड आला. तो दुखलाच नाही, म्हणून लक्ष गेलं नाही. महिन्याभरात अंगठा काढावा लागला.

दोष कुणाचा, यावर घरात पुष्कळ बोलणं झालं. आमच्या मते डॉक्टरांचा होता, मामूंचा होता आणि आमचाही होता. घरात दोन-दोन शिक्षक असताना कुणी एक प्रश्न विचारला नाही. गोळी मिळणं वेगळं आणि इलाज मिळणं वेगळं, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर आम्ही मामूंबरोबर डॉक्टरांकडे जाऊ लागलो, वाचू लागलो, विचारू लागलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडत आहोत. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण पूर्ण इलाजात काय काय येतं हे माहीत असेल तरच ते मागता येतं.

हे एका घराचं दुखणं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, म्हणजे शंभर प्रौढांमागे अकराहून जास्त. आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत.

आधी निदान पक्कं करून घ्या

मोहल्ल्यात शिबिर लागतं, बोटाला सुई टोचून मशीनवर आकडा येतो. तो आकडा फक्त इशारा आहे. निदान लॅबमध्ये शिरेतून घेतलेल्या रक्तावरच करायचं असतं. आठ तास काही न खाता घेतलेल्या रक्तात शुगर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त असेल, किंवा ‘एचबीए१सी’ ६.५ टक्के किंवा जास्त असेल, तर तो मधुमेह. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील तर कुठल्याही वेळी २०० च्या वर आलेली शुगर निदानाला पुरते. लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर थांबू नये, दुसऱ्यांदा तपासून खात्री करावी. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. तिथे वजन आणि चालणं यांनी बरंच काही परतवता येतं.

एचबीए१सीला आपल्याकडे ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात आणि ते नाव बरोबर आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी परहेज करून हा आकडा सुधारत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगात रक्त कमी असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर हा आकडा फसवू शकतो. आपल्या घरातल्या किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरसुद्धा तपासून घ्यावी, आणि ‘मला रक्त कमी आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. त्यांनी शुगर वाढते.

पहिल्या महिन्यात काय काय व्हायला हवं

टाइप २ मधुमेह, म्हणजे मोठ्यांना होणारा नेहमीचा मधुमेह, कळतो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. वर्षानुवर्षं तो गुपचूप काम करत असतो. म्हणून निदानाच्या दिवशीच काही जणांच्या डोळ्यांवर, किडनीवर किंवा पायाच्या नसांवर परिणाम झालेला सापडतो. ‘अजून तर नवीन आहे, एवढ्या तपासण्या कशाला’ हा समज इथेच मोडतो.

डोळ्यांच्या तपासणीत चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा खास कॅमेऱ्याने डोळ्याचा मागचा पडदा पाहावा लागतो. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या तरी सुरुवातीला नजरेला काही जाणवत नाही, आणि नजर अंधूक होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. टाइप २ असेल तर निदान होताच आणि नंतर साधारण दरवर्षी ही तपासणी हवी. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून मोटारसायकल घेऊन एकट्याने जाऊ नका.

किडनीसाठी दोन गोष्टी आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन सगळे करतात. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मात्र राहून जाते, आणि किडनी बिघडू लागल्याचं आधी बहुधा तीच सांगते. चिठ्ठीवर ती ‘एसीआर’ नावाने लिहिलेली असते. तिचा आकडा ३० च्या आत असावा. ती चिठ्ठीवर नसेल तर ‘लघवीतलं प्रोटीन तपासायचं का?’ असं विचारा. मामूंच्या बाबतीत सहा वर्षांत हा प्रश्न एकदाही निघाला नव्हता.

पायांची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून ‘लागतंय का’ विचारतात, पायाची नाडी पाहतात, भेगा आणि घट्टे पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम, पण त्यासाठी मोजे-चपला काढायला कुणीतरी सांगावं लागतं. आता आम्ही मामूंना खुर्चीवर बसल्याबरोबर चप्पल काढायला लावतो. मग डॉक्टर पाहतातच! आपल्या घरातल्या बायकांचं इथे विशेष राहून जातं. पुरुष डॉक्टरांसमोर पाय दाखवायला संकोच वाटतो, डॉक्टरही आग्रह करत नाहीत. अशा वेळी सिस्टरना पाय पाहायला सांगता येतं किंवा लेडी डॉक्टरची वेळ घेता येते. पण पाय तपासल्याशिवाय घरी येऊ नये.

याशिवाय रक्तदाब मोजणं, कोलेस्टेरॉल, वजन आणि कंबर, दात-हिरड्या हे येतं. मधुमेहात हृदयाचा आणि लकव्याचा धोका वाढतो. म्हणून चाळिशीनंतर बहुतेकांना कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली जाते. ‘माझी शुगर आहे, तुम्ही हार्टची गोळी का देता?’ असं म्हणून भांडणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. डॉक्टर बरोबर होते.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर तेही बोलावं. मधुमेहींना टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

पैसा आणि दवाखाना

एवढ्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, हा रास्त सवाल आहे. सगळ्या तपासण्या एकाच दिवशी, एकाच महागड्या पॅकेजमध्ये करायची गरज नाही. लॅबचं पॅकेज घेतलं की त्यात वीस नको असलेल्या तपासण्या असतात आणि एसीआर नसते, असा अनुभव आम्ही घेतला आहे.

सरकारी दवाखान्याकडे आपले लोक नाक मुरडतात, पण शुगरच्या बाबतीत तिथे पुष्कळ काही मिळतं. केंद्र सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत ‘एनसीडी क्लिनिक’ असतं. तिशीच्या पुढच्या माणसांची शुगर आणि बीपी तपासणं हे उपकेंद्राचं आणि आशाताईंचं नेमून दिलेलं काम आहे. मेटफॉर्मिनसारखी रोजची गोळी तिथे मोफत देतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केलेले आहेत. मुंबईत महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ आहेत. रांग असते, गोळी कधी संपलेली असते, हे खरं. तेवढ्यापुरती जनऔषधी केंद्रातून घ्यावी. तिथली गोळी स्वस्त असली तरी औषध तेच असतं. फक्त चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, कंपनीचं नको.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज आहे. ती मुख्यतः भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजच्या शुगरच्या गोळ्या आणि ओपीडीची फी तिच्यात मिळत नाही. पण पायाचं ऑपरेशन, डायलिसिस असं काही पुढे वाढून ठेवलं तर तिचा उपयोग होतो. म्हणून रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं करून ठेवा. ‘शेख’ एकीकडे आधी आणि दुसरीकडे नंतर, ‘मोहम्मद’ एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसता ‘मो.’, यापायी ऐन वेळी किती धावपळ होते ते आपल्या लोकांना सांगायला नको.

गल्लीतले डॉक्टर सोडा असं आम्ही म्हणत नाही. रात्री दोन वाजता दार तेच उघडतात. पण तीन महिने औषध नीट घेऊनही एचबीए१सी खाली येत नसेल, किडनी किंवा डोळ्यात काही निघालं असेल, वय कमी आणि वजन वेगाने घटत असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर एमडी मेडिसिन किंवा मधुमेहतज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी मागावी. चांगले डॉक्टर यात कमीपणा मानत नाहीत.

गोळी, आणि ती का सोडायची नाही

बहुतेकांना सुरुवातीला मेटफॉर्मिन मिळते. पहिले काही दिवस मळमळ, जुलाब, पोटात गुडगुड होते. बरेच जण इथेच ‘ये गोली मेरेकू सूट नहीं होती’ म्हणून सोडतात. जेवणाबरोबर घेतली, कमी डोसपासून सुरुवात केली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी मागितली तर त्रास बहुतेकदा कमी होतो. या गोळीने किडनी खराब होते ही अफवा आहे. खरी गोष्ट अशी की किडनी आधीच फार खराब झालेली असेल तर ही गोळी कमी किंवा बंद करावी लागते, आणि त्यासाठीच क्रिएटिनिन तपासायचं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते तपासायला सांगावं.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी मात्र शुगर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, भुकेने कासावीस होणं, बडबडणं ही त्याची लक्षणं. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला की तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा साखर घ्यावी, आणि मग काहीतरी खावं. पेढा किंवा चॉकलेट यासाठी कामाचं नाही, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आपल्या चिठ्ठीतली गोळी यापैकी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि मामूंची ती चूक. आकडा नॉर्मल येतो तो गोळीमुळे. चष्मा लावल्यावर नीट दिसतं म्हणून कुणी चष्मा फेकत नाही. वजन बरंच घटवून काहींची गोळी सुटते, हे खरं आहे. पण ती डॉक्टरांनी आकडे पाहून सोडवायची असते.

हकीमसाहेबांच्या पुड्या, जांभळाच्या बियांची भुकटी, मेथीचं पाणी, कारल्याचा रस हे सगळं आमच्याही घरात होऊन गेलं. मेथी-कारलं भाजी म्हणून खायला कुणाची हरकत नाही. धोका आहे तो गोळी बंद करून यावर राहण्यात. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत शुगर उतरवणारी अॅलोपॅथीची औषधं किंवा स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत. युनानीची रीतसर डिग्री घेतलेल्या हकीमांकडे जात असाल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा.

इन्सुलिनची भीती

इन्सुलिन म्हणजे शेवट, असं आपल्याकडे मानतात. वर ‘ते डुकराचं असतं’ ही शंका अजून कानावर येते. तिला आधार होता. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला, त्यानंतर कित्येक दशकं ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन बाजारात आलं. ते प्रयोगशाळेत जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतात. आज दुकानात मिळणारं इन्सुलिन साधारणपणे याच पद्धतीचं असतं. तरी मन मानत नसेल तर दुकानदाराकडून खोका वाचून घ्या.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं. त्याला लाल टोपणाची, ४० ची खूण असलेली सिरिंज लागते. १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट कमी किंवा अडीच पट जास्त जातो. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवून मगच घरी आणा. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेली साधारण चार आठवडे घरच्या हवेत टिकते, पण मे महिन्यातलं आमचं सोलापूर त्यात धरू नका. फ्रिज नसेल तर पाण्याच्या माठाजवळ, ओल्या मातीच्या भांड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात, ते चालतं.

वजू करताना पाय पाहा

दिवसातून पाच वेळा आपण पाय धुतो. मधुमेहींना डॉक्टर सांगतात की रोज एकदा पाय तपासा. आपल्याला वेगळा वेळ काढायची गरजच नाही. निदान फजर किंवा इशाच्या वजूत बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, तळव्याला नीट पाहावं, म्हाताऱ्यांच्या बाबतीत घरातल्या कुणी पाहावं. फक्त एक करायचं, धुतल्यावर बेचक्या रुमालाने कोरड्या करायच्या. ओल्या राहिल्या की चिखल्या होतात आणि तिथून जंतू शिरतो. थंडीत गरम पाणी घेत असाल तर आधी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहा. बधिर पायाला चटका कळत नाही. उन्हाने तापलेल्या फरशीवरून अनवाणी जाऊ नका. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दारात चपला काढल्यावर आतपर्यंत मोजे घालून जाता येतं.

रमजानबद्दल

निदान झालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, रोजा ठेवता येईल का? उत्तर एक नाही, माणसागणिक वेगळं आहे. २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली होती. त्यात टाइप २ च्या रुग्णांमध्ये शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट आढळलं. तरी पाऊणहून जास्त लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते. म्हणजे आपण ठेवतोच, मग तयारीने ठेवावेत.

रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि शुगर ताब्यात असलेल्या माणसाला बहुतेकदा परवानगी मिळते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डोस आणि वेळ बदलावी लागते. सकाळचा डोस आपल्या मनाने सहरीला घेणं जिवावर बेतू शकतं. ज्यांची शुगर मागच्या तीन महिन्यांत फार खाली गेली होती, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांचा टाइप १ ताब्यात नाही, इन्सुलिनवर असलेल्या गरोदर बायका, यांना डॉक्टर रोजा ठेवू नका असंच सांगतात. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. कजा की फिदया हे आपल्या आलिमांना विचारावं, पण डॉक्टरांचा कागद सोबत नेऊन.

रोज्यात बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. दुपारी आणि असरनंतर तपासावं. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, मग मगरिबला दहा मिनिटंच का उरली असेनात. आमच्या फुफूंना हे पटवायला दोन रमजान लागले. सहरी टाळायची नाही, जितकी उशिरा तितकी बरी. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी घ्यावं. सरबताचा ग्लास आणि भज्यांचं ताट मात्र लांब ठेवावं.

जेवणाचं

इथे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण यावर ज्ञान देणारे गल्लोगल्ली आहेत. साखर बंद केली आणि रोज दोन वेळा पोटभर भात, पाव, नान चालू ठेवला तर काही साधत नाही. ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा बरी असेल, पण चार भाकऱ्या चारच असतात. ताटात भाजी-कोशिंबीर अर्धी, डाळ किंवा गोश्त-अंडं पाव, भात-भाकरी पाव, एवढा हिशेब पुरे. दावतीत बिर्याणी एक पळी घ्या, सोबत कचुंबर भरपूर, आणि शिरखुर्म्याचे दोन चमचे चाखून वाटी पुढे सरकवा. चहा दिवसाला किती कप होतो आणि प्रत्येकात साखर किती, हे एकदा कागदावर मोजा. मामूंचे चौदा चमचे निघाले होते. इशाच्या जमातीला चालत जाणं हा चांगला व्यायाम आहे, जाणं-येणं मिळून अर्धा तास झाला पाहिजे.

मूल आणि आई

शाळेत आम्हाला दिसतं म्हणून सांगतो. मूल अचानक सारखं पाणी पितं, तासातासाला बाहेर जायला विचारतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, वजन घटतं. हा टाइप १ मधुमेह असू शकतो. त्यात पोटदुखी, उलट्या, जोरजोरात श्वास सुरू झाला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं, उद्यावर ढकलू नये. अशा मुलाला गोळी चालत नाही, इन्सुलिनच लागतं, जन्मभर. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा आणि दप्तरात साखरेची पुडी द्या. मुलीच्या शादीत अडचण येईल म्हणून घरचे लपवतात, आणि वर्गात मुलगी घामाघूम होऊन पडली की काय करायचं ते आम्हाला माहीतच नसतं.

गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आलं तर तो गरोदरपणातला मधुमेह. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. बाळंतपणानंतर शुगर सहसा उतरते आणि सगळे विसरून जातात. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावं, पुढेही दरवर्षी, कारण अशा बाईला नंतर टाइप २ होण्याचा धोका मोठा असतो.

दुसऱ्या भेटीला जाताना

एक साधी फाईल करा. सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यातच ठेवा, आणि घरच्या मशीनवरचे आकडे वेळेसकट वहीत लिहा. आकडा घेण्याआधी हात धुवा. आंबा कापलेल्या बोटाने घेतलेली शुगर खोटी चढते. घरातल्या वाचता येणाऱ्या एकाने बरोबर जावं. एचबीए१सी सुरुवातीला तीन महिन्यांनी, ताब्यात आल्यावर सहा महिन्यांनी करायचं असतं. आपला आकडा कितीवर आणायचा आहे, ते स्पष्ट विचारून घ्या. पुष्कळांसाठी सातच्या आत ठरवतात. सत्तरीच्या पुढे किंवा इतर आजार असतील तर थोडं सैल, कारण म्हाताऱ्या माणसाला शुगर खाली जाणं जास्त महागात पडतं.

डॉक्टर घाईत असतील, एखादे चिडतीलही. आम्ही मामूंच्या फाईलच्या पहिल्या पानावर उर्दूत चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत : आँख, पाँव, पेशाब, तारीख. डोळ्यांची, पायांची आणि लघवीची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे, एवढं विचारल्याशिवाय मामू आता खुर्चीवरून उठत नाहीत. मागच्या वेळी डॉक्टरांनीच फाईल उलटी करून विचारलं, ‘ये क्या लिखा है?’ मामूंनी वाचून दाखवलं, आणि डॉक्टरांनी एसीआर लिहून दिली.